गोल टोकं

“हा पूल तू परत कुठून आणलास?” शेजारच्या टेबलावरच्या चष्मिस मुलीने त्याच्या स्क्रीनवर बोट ठेवलं.

“मी कशाला आणू? आहेच तो,” तो हसत म्हणाला.

“नाहीये. पाडलाय तो. परवाच मी नकाशातून काढून टाकला.”

त्याने नकाशा जवळ आणला. रस्ता नदीच्या अलीकडे संपत होता आणि पलीकडे पुन्हा सुरू होत होता. मध्ये रिकामी जागा. नकाशा लांब नेला, तर रस्ता अखंड.

नकाशातले रस्ते कसे दिसावेत हे ठरवणं त्याचं काम. लांबून रस्ते तुटक दिसतात म्हणून साहेब कुरकुरत होते. त्याने कालच लांबच्या नकाशातल्या रेषा जाड केल्या आणि त्यांची टोकं गोल केली. ती जाड, गोल टोकं नदीवर एकमेकांना जाऊन भिडली होती. साहेबांनी पाठ थोपटली. संध्याकाळी नकाशा लोकांच्या फोनवर गेलासुद्धा.

त्या लोकांत त्याची बायको होती. सकाळीच ती लेकीला घेऊन माहेरी निघाली होती, नकाशा दाखवेल त्या रस्त्याने. नकाशाही ती कायम लांबूनच बघायची. जवळून बघितला की म्हणे गरगरतं. आणि बाहेर धुकं इतकं दाट, की खिडकीतून समोरची इमारत दिसत नव्हती.

त्याने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. ती घेणारच नव्हती. मागे एकदा फोनवर बोलता बोलता तिने गाडी फाटकावर घातली होती, तेव्हा यानेच तिच्याकडून वचन घेतलं होतं: चालत्या गाडीत फोन घ्यायचा नाही. तू गाडी चालवत असताना मीही करणार नाही, असं कबूल केलं होतं आणि आजवर पाळलंही होतं.

त्याने रेषा बारीक केल्या, टोकं छाटली, नवा नकाशा पाठवला.

“तिच्या फोनवर कालचाच उतरलेला असणार,” चष्मिस हळूच म्हणाली. “तू फोन करत राहा.”

तो करत राहिला. स्क्रीनवर तिची गाडी दाखवणारा निळा ठिपका नदीकडे सरकत होता. एरवी त्याचं एक ऐकेल तर शपथ! आजच कसली आज्ञाधारक झाली होती ही बाई? त्याला तिचा भयंकर राग आला, आणि रडूही.

ठिपका नदीपाशी थांबला. काठावर की मध्ये, कळेना. नकाशा जवळ आणून बघायचा त्याला धीर होईना.

फोन वाजला.

“अरे, काय झालं? घरी आई बऱ्या आहेत ना?” तिने एका दमात विचारलं. “मी गाडी चालवत असताना तू फोन करणार नाहीस, मला माहितीये. तरी थांबेचना, म्हणून घाबरून गाडी बाजूला घेतली. खरं सांग, कोण गेलं?”

त्याने फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

“बोल ना! मी उतरलेय खाली. इथे तर…” ती थबकली. मग अगदी हळू म्हणाली, “अरे, पुढे रस्ताच नाहीये.”