कोऱ्या डिस्का

भंडाऱ्याच्या सर्व्हरवर नोंदलेलं साकोलीच्या सर्व्हरवरही तसंच उमटतं. डिस्क बदलली की पूर्ण कॉपी व्हायला दिवस लागायचा आणि मी साकोलीच्या ईश्वरभाऊंना फोनवर टक्के सांगत बसायचो. मधूनमधून त्यांचं धान, माझे गुडघे, दोघांच्याही वारलेल्या बायका. अकरा वर्षांत भेट नाही. आज दोन्हीकडे नव्या डिस्का बसवल्या. “दोन्ही कोऱ्याच हायेत, कॉपी कायले?” भाऊ म्हणाले. “सारख्या हायेत म्हणून मशीनले सांगून टाका. मिनिटाचं काम.” खरंच होतं. मग फोन ठेवून रिकाम्या खोलीवर जायचं. डिस्कचं नुकतंच फोडलेलं पाकीट मी चुरगळलं. “माझी जुनीच हाय, भाऊ, कोरी नाही. पूर्ण कॉपी करा लागन.” ते सीलबंद पाकीट त्यांनीच एसटीनं पाठवलं होतं. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “सांगा, किती टक्के झालं?” मी अजून कॉपी सुरूही केली नव्हती.