टीव्हीवरचा उखाणा

डीव्हीडी प्लेयरनं तिसऱ्यांदा सीडी बाहेर ढकलली, तशा सगुणाबाई सुनेवर कडाडल्या, "एवढी शिकलीस, अन् मेला डबा तुला जुमानत नाही!"

"आत्या, मोबाइलचा व्हिडिओ ह्याला तसाच चालत नाही. बदलून भरावा लागतो."

मोबाइलच्या वीतभर काचेत सगुणाबाईंना दिसत नव्हतं, आणि पौषात वारलेल्या नवऱ्याला तर डोळे भरून बघायचं होतं.

सुनेनं दुपारभर कॉम्प्युटरपुढं बसून व्हिडिओ बदलला. टीव्हीवर धाकट्याच्या लग्नातला म्हातारा लाजत उभा राहिला.

"बांधावरच्या आंब्याला मोहर लागला दाट,
सगुणानं भाकर वाढली की राजावाणी थाट."

अख्ख्या संसारात त्यानं तिचं नाव घेतलं ते तेवढंच.

सगुणाबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि पहिल्यांदाच सुनेला नावानं हाक मारली, "वनमाला, बस इथं. दोघी मिळून बघू म्हाताऱ्याचा चावटपणा."