दोन डाव्या बाह्या

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा, की कापड जिवंत आहे. कात्रीनं कापलं तरी ओलं असेपर्यंत त्याच्या कडा जखमेसारख्या भरून येतात. एकदा वाळलं, की मात्र तुकडा कायमचा तुकडाच.

अशा जगात इचलकरंजीच्या फॅशन डिझाइनच्या वर्गात परीक्षा चालली होती. झगा शिवायला प्रत्येकाला एकच कापड, आणि शेवटी टेबलावर एकही चिंधी उरता कामा नये. श्रावस्ती प्रत्येक कातरण ओल्या फडक्याखाली झाकून ठेवत होती.

"कणीक भिजवलीस का गं?" शेजारचा ओजस हसला. "पोळ्या लाटणार वाटतं!"

ती उत्तर देणार, तोच तिची नजर कापलेल्या बाह्यांवर गेली. दुसऱ्या बाहीसाठी नमुन्याचा कागद उलटा करायला ती विसरली होती. दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या गेल्या होत्या!

तिनं फडकं उचललं. गळ्याची, काखेची कातरणं एकमेकांना भिडवून ती तळव्यांनी दाबून धरली. हात काढले, तर खाली अखंड कापड होतं. त्यातून उजवी बाही निघाली आणि चुकलेली बाही खिसे करण्यात खपली.

परीक्षा घेणाऱ्या कोष्टी मॅडमनी शिवून झालेला झगा उलटसुलट करून पाहिला, मग रिकामं टेबल पाहिलं. "शाब्बास गं पोरी! पास!"

सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. ओजसनं मात्र नाही. त्याच्यासमोर चिंध्यांचा ढीग वाळत चालला होता.

श्रावस्तीनं आपलं ओलं फडकं त्या ढिगावर पसरलं.

"चल," ती म्हणाली, "लाट पोळ्या."