अंबुबाईची फेरी

अंबुबाईनं फरीदाच्या चुलीतली राख चिवडली आणि चटका बसताच हात मागं घेतला.

"आत इंगळ हाय की गं! विझवली म्हनतीस आन् आत इंगळ!"

"लेकीला ताप हाय, आजी. पाणी गरम राहावं म्हणून ठेवलाय."

"वारं बघ कसं सुटलंय." एवढंच म्हणून म्हातारीनं चुलीवरचं भगुलं उचललं आणि सगळं पाणी इंगळावर ओतलं. राखेचा लोट उठला. झोपडीत तापानं फणफणलेली पोर दचकून रडायला लागली.

फरीदाचा नवरा रहिमान नुकताच कामावरून आला होता. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, तिथं तो पायाचे दगड फोडायचा. लातूरकडून त्याच्यासारखी बरीच कुटुंबं आली होती. मुकादमानं काम दिलं, राहायला जागा काही दिली नाही. गावात कुणी गोठ्याचा कोपराही देईना. शेवटी निगडीच्या वर, टेकडीच्या उतारावर त्यांनी पाचट आणि गोणपाट लावून झोपड्या उभ्या केल्या. चहूकडं कमरेएवढं गवत, चैत्राच्या उन्हानं कडकडीत वाळलेलं. खाली गाव, आणि गावाच्या कडेला कडब्याच्या गंजी.

आदल्या उन्हाळ्यात ते गवत पेटलं होतं. वणवा उतरत गेला आणि दोन गंजी खाऊन थांबला. कुणाच्या हातून पेटलं ते कुणालाच कळलं नाही. गावानं वस्तीकडं बोट दाखवलं.

त्यानंतर अंबुबाई यायला लागली. दिवस कलला की गावाकडच्या पायवाटेनं चढून वर यायची, एकेका चुलीत हात घालून बघायची आणि त्याच वाटेनं खाली जायची. कोपरापर्यंत दोन्ही हातांची कातडी कधीकाळी भाजून आवळली होती. नाव तेवढं सांगितलं तिनं, बाकी कधी काही बोलली नाही. वस्तीत पाण्याचा घोटही घेतला नाही. गावची बाई, आपल्या हातचं कशाला घेईल, म्हणून बायकांनीही विचारणं सोडलं. वस्तीतले लोक तिला मागून 'फौजदार' म्हणायचे, समोर आली की मुकाट चूल दाखवायचे. तिच्या तोंडून गावात एक वाकडा शब्द गेला तर आपलं बिऱ्हाड उठेल, ही धास्ती प्रत्येकाला होती.

त्या दिवशी मात्र रहिमानचा तोल सुटला. दिवसभर मुकादमाच्या शिव्या खाल्लेल्या, आणि घरी आला तर चुलीत चिखल.

"बस झालं, म्हातारे!" तो ओरडला. "आमाला अक्कल नाही का? आमची लेकरं गवतात निजतात. आग लागली तर आधी आमीच जळू. तुझ्या गावाला जाऊन सांग, आमीबी माणसं हाव. उद्यापासून इकडं पाऊल टाकायचं नाही."

अंबुबाई भगुलं हातात धरून त्याच्याकडं वळली.

"येऊ नगं म्हनतोस?"

"नको."

तिनं भगुलं हळूच खाली ठेवलं. झोपडीच्या तोंडाशी वाकून रडणाऱ्या पोरीकडं एकदा बघितलं. मग पदर सावरून पायवाटेला लागली.

"उगाच बोललात," फरीदा म्हणाली. "गावात जाऊन काय सांगंल आता?"

"सांगू दे."

दुसऱ्या दिवशी म्हातारी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पोरीचा ताप उतरला. वस्ती मोकळा श्वास घ्यायला लागली. तरी दिवस कलला की बायका आपणहून चुली विझवत, राखेवर पाणी मारत. सवयच लागली होती. रहिमान स्वतः झोपड्यांमधून फिरून बघायचा. एक ठिणगी कधी उडाली नाही.

आणि एका सकाळी तालुक्याहून मोटार आली. पोलीस उतरले, त्यांच्यामागं गावचे यशवंतराव पाटील. कुणी काही विचारायच्या आत पाचट ओढायला सुरुवात झाली. फरीदानं पोरीला छातीशी धरलं आणि गाडगी-मडकी गोळा करायला धावली. जमादार एकच वाक्य सगळ्यांना सांगत होता, "वणव्याची भीती हाय, गावाची तक्रार हाय, दापोडीच्या पल्याड नेऊन सोडतो."

"तिथं कुठं राहायचं, साहेब?"

"ते मला काय म्हाईत?"

रहिमान पाटलांपुढं जाऊन उभा राहिला. हात आपोआप जोडले गेले.

"पाटील, मी चुकलो. त्या दिवशी म्हातारीला बोललो, ते पोटात घाला. मी तिचे पाय धरतो. पण आमच्या चुली रोज विझतात. खोटं वाटत असंल तर तुमच्या अंबुबाईला बोलवा, तिलाच विचारा."

"आमची अंबुबाई?" पाटलांच्या कपाळाला आठी पडली. "आमच्यात अंबुबाई कोन न्हाई."

"हात भाजलेली. रोज तुमच्या गावातून वर यायची."

"ती व्हय? ती तर तुमच्यातली. टेकडीवरनं उतरून यायची की." मागं एक झोपडी आडवी झाली. पाटलांचा आवाज खाली आला. "सालभर आमी तिच्याच शब्दावर गप बसलो, बाबा. ती यायची बंद झाली, तवा गावाला झोप लागंना, मंग तालुक्याला सांगावं लागलं. रोज दिवेलागनीला चावडीम्होरं उभी ऱ्हायची बघ, आन् म्हनायची, 'माझ्या लेकरांनी चुली विझवल्यात, पाटील. निवांत निजा.'"