इस्त्रीवाल्याचं कडं

"मागच्या बाजूलाही कोरून देतात का?" इस्त्रीवाल्यानं फोनवरून नजर न काढता विचारलं.

तो कडी बघत होता. आजारी माणसं मनगटात घालतात तसली: वर लाल खूण, खाली पट्टी, पट्टीवर आजाराचं नाव. चहाची सुट्टी होती, म्हणून सगळा कारखाना त्याच्या खांद्यावरून डोकावत होता. कारखाना म्हणजे इस्पितळाच्या चादरी धुणारी एक लांबलचक, कोंदट खोली आणि सात माणसं.

"ही बारीक साखळीची घे," घड्या घालणाऱ्या मावशी म्हणाल्या. "दिसायला तरी बरी."

"पट्टी रुंद हवी, मावशी. मजकूर मावला पाहिजे."

"मजकूर?" मोजणीवाली फिसकन हसली. "आजार कोरतोयस की लग्नपत्रिका?"

तोही हसला, आणि त्यानं सगळ्यात रुंद, सगळ्यात कुरूप कडं मागवलं.

मोजणीवालीचं काम मळके कपडे मोजून घ्यायचं. रक्त, पू, उलटी, सगळं तिच्या हातांखालून गेलेलं. आधी खिसे उलटे करायचे, सापडेल ते दारामागच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं: कंगवे, गोळ्या, एकदा तर अख्खी कवळी. त्या कशाचीच तिला आता शिसारी यायची नाही. यायची ती नाटकी माणसांची. आणि हा तिच्या मते अव्वल नाटकी.

चार महिन्यांपूर्वी तो कामाला लागला. तेव्हापासून रोज साडेअकराला "औषधाची वेळ झाली" म्हणून घरी पळायचा. तासभर. तेवढा वेळ इस्त्रीचं मशीन मोजणीवालीच्या गळ्यात.

"आजार तरी कसला रे?" तिनं एकदा विचारलंच.

"जुना आहे, ताई. बरा होणारा नाही."

एवढं बोलून त्यानं पुढची चादर मशीनवर ओढली.

तिनं मग आपल्या परीनं तपासणी केली. चहात तीन चमचे साखर घेतो, म्हणजे मधुमेह नाही. ओल्या चादरींचं गाठोडं एका दमात खांद्यावर टाकतो, म्हणजे काळीज ठणठणीत. शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून पंखा पुसतो, म्हणजे फिटबिटही येत नाही. राहिला कामचुकारपणा. तो मात्र खरंच जुना आणि बरा न होणारा.

कडं आलं आणि तिच्या डोक्यात तिडीकच गेली. मशीनच्या वाफेनं धातू तापायचा, म्हणून काम करताना तो ते काढून खिळ्याला अडकवायचा. निघताना आधी कडं, मग चप्पल. कड्याच्या सांध्यांत घाम आणि खळ मिळून करडा चिकटा साचला होता. तो बघूनच तिला शिसारी यायची.

"आजार मिरवतो मेला," ती मावशींना म्हणाली.

"असेल काहीतरी. लिहिलंय ना त्यावर? वाच की."

"मी? बोटसुद्धा लावणार नाही त्याला!"

मंगळवारी मात्र लावलं. तो बॉयलरकडे गेला होता. तिनं कडं चिमटीत धरून उचललं, तोंड फिरवूनच चिंधीत गुंडाळलं, कपाटात टाकलं आणि साबणानं दोनदा हात धुतले. आज कड्यावाचून हा कसा आडवा होतो, तेच तिला बघायचं होतं.

साडेअकराला तो खिळ्याशी आला आणि थबकला. मशीनखाली वाकला, चादरींचे ढीग उपसले.

"ताई, माझं कडं पाहिलंत?"

"मी काय तुझं कडं राखायला बसलेय? एक दिवस नाही घातलंस तर मरशील का?"

"मी नाही हो मरत," तो म्हणाला. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजायला आले होते. अंगातला एप्रनही न काढता तो धावत सुटला.

तो परत आला नाही. मालकांनी फोन लावला, तर बंद. बुधवारीही खिळा आणि जागा रिकामीच.

"बघा," मोजणीवाली म्हणाली, "सोंग वठेना म्हटल्यावर पळाला."

गुरुवारी सकाळी गाडीवाल्यानं मळक्या चादरी उतरवल्या आणि वर एक पिशवी ठेवली.

"तुमचा इस्त्रीवाला इस्पितळात पडलाय. परवा दुपारी धावत रस्ता ओलांडत होता, ट्रकनं उडवलं. फोनचा चुरा झाला, ओळख पटेना. आत्ता चादरी उचलताना माझी नजर गेली म्हणून."

"जिवंत आहे ना रे?" मावशी हातातली घडी टाकून पुढे आल्या.

"आहे, आहे. आज डोळे उघडलेत. बोलता येत नाही, नुसता मनगट चाचपतोय. हे त्याचे कपडे, धुऊन द्या."

मोजणीवालीचा जीव भांड्यात पडला. आणि जीव जागेवर आल्याबरोबर रागही आला.

"पडल्यापडल्यासुद्धा मनगटच!" तिनं रक्तानं कडक झालेली पँट ओढली, खिसा उलटा केला. दोऱ्यात ओवलेली एक किल्ली निघाली. ती तिनं डब्यात भिरकावली. मग कपाटातून चिंधी आणली. "हेही ने त्याला. मिरव म्हणावं."

मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आधी वाच. आजार कुठला ते डॉक्टरांना कळायला हवं. माझा चष्मा नाही इथे."

नाक मुरडत तिनं कडं हातात घेतलं. लाल खुणेखाली दोनच शब्द होते: 'मागे वाचा.' तिनं ते उलटलं, नखानं चिकटा खरवडला आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचू लागली.

"मला आजार नाही. घरी बायको अंथरुणाला खिळून आहे. तिला हलता, बोलता येत नाही. दुसरं कोणी नाही. गिरणीच्या वर, खोली नऊ. लगेच जा. दाराला कुलूप आहे. किल्ली माझ्या खिशात."