मऊ पडलेली रीड

प्रज्ञेशचा पहिलाच अल्बम, त्यामुळे लंडनजवळच्या स्लाऊच्या स्टुडिओत सगळे त्याच्या इशाऱ्यावर वाजवत होते, शार्दूलसुद्धा. सॅक्सोफोन फुंकायला प्रज्ञेशला त्यानंच शिकवलं होतं. सीडीच्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत नाव मात्र प्रज्ञेशचं येणार, म्हणून शार्दूलच्या पोटात दुखत होतं. शेवटच्या ट्यूनआधी प्रज्ञेशची रीड, सॅक्सोफोनच्या तोंडाशी लावायची पातळ पट्टी, चिरली. "शार्दूल, तुझ्याकडे स्पेअर आहे का रे?" शार्दूलच्या डबीत चार कोऱ्या होत्या. त्यानं पाचवी काढली, वाजवून वाजवून मऊ पडलेली, टाकायची राहून गेलेली. "एवढीच आहे बघ." प्रज्ञेशनं ती जिभेवर ओली करून बसवली, डोळे मिटले. सूर इतका घोगरा, हळवा निघाला की ड्रमरनं स्टिक्स मांडीवर ठेवल्या. काचेपलीकडच्या इंजिनिअरनं दुसरा टेक मागितलाच नाही. सहा महिने ती रीड शार्दूलच्याच ओठांत होती. अशी एकदाही बोलली नव्हती.