दाढेवरची कॅप

दाढेवर धातूची कॅप बसवल्यापासून सासऱ्यांच्या कानात शिट्टी वाजायची. त्यापायी परवा शेजारच्या खोलीत रडणारी नात त्यांना ऐकूच आली नव्हती. सोमवारी माझी रजा संपत होती आणि तान्हीला त्यांच्यावर सोपवायचं ठरलं होतं. “कॅप काढून बघू, पण शिट्टी जाईलच असं नाही,” दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “काढा! फुकटचा रेडिओ नको मला.” मशीन घरघरलं, कॅप निघाली. “शिट्टी थांबली, बाबा?” मी विचारलं. “छे! ठाण मांडून बसलीय. पोरीसाठी दुसरं कुणीतरी बघ, सूनबाई.” त्यांचा चेहरा पडला. मग गाल चोळत म्हणाले, “ते मशीन मात्र जबड्यातून खणखणीत ऐकू आलं.” माझ्या मांडीवरची पोर कुरकुरली. त्यांनी तिला उचललं, जबडा तिच्या डोक्याला अलगद टेकवला आणि डोळे मिटले. “येतंय ऐकू,” ते म्हणाले. “आता हिला खाली ठेवतच नाही.”